मुलग्याला तलवार, मुलीला पंख?

डिसेंबर उजाडला की आपल्यासारख्या आयांच्या जिवाला एक नवा घोर लागतो. शाळेचं स्नेहसंमेलन! पूर्वी बाई वहीत चिठ्ठी लिहून द्यायच्या, आता ग्रुपवर निरोप येतो: "शनिवारी वेशभूषा स्पर्धा आहे. पालकांनी आपल्या पाल्याची तयारी करून पाठवावे." बाकी काही नाही. मग सुरू होते धावपळ. कोणी माळ्यावरची ट्रंक उघडते, कोणी जावेच्या नऊवारीसाठी फोन करते, आणि ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्या सरळ ड्रेपरीवाल्याचं दुकान गाठतात.

त्यातून हे एकाच दिवसावर भागत नाही. वर्षाचा हिशेब मांडून पाहा. आषाढी एकादशीला विठ्ठल-रखुमाई, गोकुळाष्टमीला राधा-कृष्ण, पंधरा ऑगस्टला पुढारी, बालदिनाला "मी कोण होणार", तीन जानेवारीला सावित्रीबाई, संक्रांतीला बोरन्हाण, आणि फेब्रुवारीत शिवजयंती. काही इंग्रजी शाळांत आता ऑक्टोबरअखेर ते हॅलोविनही शिरलं आहे. तिकडे अमेरिकेत म्हणे त्या दिवशी पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत हिंडतात. आपल्या मराठी मंडळींची मुलंही त्यात असतात. तिथल्या दुकानांतही मुलग्यांच्या बाजूला अचाट ताकदीचे वीर आणि मुलींच्या बाजूला राजकन्या असंच मांडलेलं असतं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते नुसतं आपल्याच गावचं नाही, हे आधी सांगून ठेवते.

दोन दांड्या

ड्रेपरीच्या दुकानात कधी नीट निरखून पाहिलंत का? दोन दांड्या असतात. एकीवर मुलग्यांचे कपडे: मावळा, शिपाई, डॉक्टर, वैमानिक, शेतकरी, वासुदेव, टिळक. दुसरीवर मुलींचे: परी, फुलपाखरू, नवरी, कोळीण, गुलाबाचं फूल, नर्स, राधा. अधूनमधून जिजाऊ आणि झाशीची राणी असतात, नाही असं नाही.

मी आठवड्यातून चार दिवस प्राथमिक शाळेत शिकवते. व्याकरण शिकवताना मुलांना सांगते, काम सांगतो तो शब्द क्रियापद, गुण सांगतो तो विशेषण. या दोन दांड्यांना तोच नियम लावून पाहा. मावळा लढतो, शेतकरी नांगरतो, वैमानिक उडतो. मुलग्याच्या वेशाबरोबर त्याला एक काम मिळतं. परी सुंदर, फूल नाजूक, नवरी लाजरी. मुलीच्या वेशाबरोबर तिला फक्त रूप मिळतं.

रंगमंचावरही तेच होतं. मुलगा येतो, तलवार उपसतो आणि छाती फुगवून चार वाक्यं ठणकावतो. मुलगी येते, गिरकी घेते, हसते, नमस्कार करते आणि जाते. "किती गोड!" म्हणून टाळ्या दोघांनाही मिळतात. पण एकाला आवाज मोठा करण्याचा सराव मिळाला आणि दुसरीला नाही. असे वर्षाला पाच-सहा प्रसंग, बालवाडीपासून चौथीपर्यंत! पाचवीच्या वर्गात मी विचारते, "बाक कोण हलवेल?" तर मुलग्यांचे हात वर जातात. "रांगोळी कोण काढेल?" म्हटलं की मुलींचे. हे त्यांना जन्मतः कुणी शिकवून पाठवलेलं नसतं. आपण एकेका झग्यानं, एकेका मिशीनं ते शिकवत आलेलो असतो.

दोन मुलं, दोन हट्ट

मागच्या वर्षीची आमच्या ओळखीतली गोष्ट. दुसरीतल्या एका मुलाला "मी कोण होणार" मध्ये आचारी व्हायचं होतं. त्याचे आजोबा लग्नकार्यात आचारी होते. पाचशे पानांचा स्वयंपाक लीलया करायचे, नि त्यांच्या हातची बासुंदी लोक अजून आठवतात. पोरानं झारासुद्धा काढून ठेवला होता. पण शेजारीपाजारी म्हणू लागले, "अहो, स्वयंपाक काय करायला लावता मुलग्याला? मावळा करा की!" शेवटी मिशा चिकटवून त्याला मावळा केलं. स्टेजवर गेल्यावर तो वाक्यं विसरला आणि रडू लागला. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मावळा कधी रडतो का मुलीसारखा?" सात वर्षांच्या पोरानं त्या दिवशी दोन गोष्टी शिकल्या: आजोबांचं काम सांगण्याजोगं नाही, आणि रडणं मुलींचं असतं.

गंमत पाहा. घरातल्या चुलीपुढे पुरुष उभा राहिला तर आपल्याला कसंनुसं होतं, आणि लग्नातला मोठा स्वयंपाक मात्र पुरुषाच्याच हाती! म्हणजे अडचण झाऱ्याची नाही. पैसे मिळाले की तो झारा पुरुषी, न मिळाले की बायकी.

दुसरी गोष्ट तिसरीतल्या मुलीची. वडील एसटीत. तिला ड्रायव्हर व्हायचं होतं. आजी म्हणाली, "कंडक्टर हो, बायका कंडक्टर असतातच की." पोरगी हटून बसली, दोन दिवस धड जेवली नाही. आईची अवस्था तुम्ही ओळखालच: एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला लेक. शेवटी वडीलच म्हणाले, "आई, आता एसटीत बायका ड्रायव्हरही आहेत." आणि ते खरंच आहे. २०२३ पासून आपल्या एसटीच्या चाकावर महिला बसल्या आहेत. मग काय, खाकी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, हातात ताट धरलं, आणि पोरगीनं स्टेजवरून आरोळी ठोकली, "सातारा, उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा, सांगलीऽऽ!" सगळा हॉल हसला, पण ते हसणं कौतुकाचं होतं. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिला बक्षीस मिळालं नाही, ते एका फुलपाखराला मिळालं. पण त्यानंतर वर्गात मोठ्यानं धडा वाचायला तीच पहिली उभी राहते, हे मी डोळ्यांनी पाहते आहे.

"बायकी" कोणी ठरवलं?

तुम्ही म्हणाल, बाई, हे तर पूर्वापार चालत आलं आहे. तर थोडं पूर्वापार बघूया. माझं माहेर सांगलीचं. तेव्हा सांगलीचाच दाखला देते.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं "सीतास्वयंवर" उभं केलं. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून मानतो. त्या काळी सीता काय, सखी काय, सगळ्या भूमिका पुरुषांच्याच. पुढे कितीतरी वर्षं हीच रीत होती. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" हा चित्रपट काढला, त्यातली तारामतीसुद्धा अण्णा साळुंके या पुरुषानंच केली. आणि बालगंधर्व! नारायणराव राजहंस पातळ कसं नेसतात, अंबाड्यात फुलं कशी माळतात हे पाहून आपल्या आज्या-पणज्या तसं नेसू लागल्या, माळू लागल्या. म्हणजे ज्याला आपण "खास बायकी" म्हणतो, त्यातलं कितीतरी एका पुरुषाकडून उचललेलं आहे! १९६४ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. शालू नेसल्यानं त्यांचं कुठे काही अडलं?

मग मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांसारख्या स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग त्यांच्या गाण्याला गर्दी केली. तेव्हा रीत बदलते, आणि बदलल्यावर आकाश कोसळत नाही.

रंगांचंही तसंच. "गुलाबी मुलीचा, निळा मुलग्याचा" हे आपल्याकडे अलीकडे बाहेरून आलं. अमेरिकेत १९१८ मध्ये एका व्यापारी मासिकानं नेमकं उलट सांगितलं होतं: गुलाबी रंग ठाम म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना! आपल्याकडे तर नवरदेवाचा फेटा गुलाबी आणि कुस्ती मारलेला पैलवान गुलालानं माखलेला. त्याला कोणी बायकी म्हणून दाखवावं! आणि आपला गोकुळाष्टमीचा कृष्ण? काजळ, मोत्यांच्या माळा, बाजूबंद, पायांत वाळे. सगळ्या वेशांत जास्त दागिने त्याच्याच अंगावर, आणि तो तर मुलगाच.

आपल्याच मातीतल्या बायका

दुसरं एक म्हणणं ऐकू येतं, "मुलींसाठी वेगळं काही सुचतच नाही हो." अगं, सातारा-सांगलीत राहून सुचत नाही?

सावित्रीबाई फुले आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म ३ जानेवारी १८३१. त्या दिवशी शेकडो मुली सावित्रीबाई होतात. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पुस्तक, आणि गप्प उभ्या. पण सावित्रीबाई गप्प उभ्या राहिल्या नव्हत्या. रस्त्यात अंगावर शेण-चिखल पडायचा म्हणून त्या पिशवीत जादा लुगडं घेऊन शाळेत जात. १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच आजारानं त्यांचा अंत झाला. तर मुलीच्या हातात पुस्तकाबरोबर ती पिशवीही द्या, आणि ती कशासाठी ते तिच्याच तोंडून सांगू द्या.

महाराणी ताराबाई. १७०० साली छत्रपती राजाराम महाराज गेले, तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या. पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढाई त्यांनी चालवली. १७६१ मध्ये साताऱ्यातच त्यांचा शेवट झाला आणि संगम माहुलीला त्यांची समाधी आहे. आपल्या मुलींना झाशीची राणी ठाऊक असते, पण हाकेच्या अंतरावरच्या ताराबाई ठाऊक नसतात.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील. १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतो आहे असं खोटंच भांडण त्यांनी आणि एका साथीदारानं उभं केलं. पोलीस सोडवायला बाहेर आले, तोवर बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवल्या. बिचारी मार खाणारी बायको हेच त्यांचं सोंग आणि तेच त्यांचं हत्यार! २०२१ मध्ये त्या गेल्या. हा प्रसंग दोन मुलींनी मिळून केला तर काय बहार येईल!

आजच्या हव्यात? माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेही सतराव्या वर्षी. त्याच वर्षी सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. आणि स्मृती मानधना! माधवनगरला लहानाची मोठी झाली, भावाचं क्रिकेट बघून तिनं बॅट धरली, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला विश्वचषक जिंकलेल्या संघाची ती उपकर्णधार होती. भावाबरोबर मैदानावर जाताना कोणी तिला "तू इथे काय करतेस" म्हणून घरी बसवलं असतं तर?

मग परी करायचीच नाही का?

असं मी मुळीच म्हणत नाही. मुलीला मनापासून परी व्हायचं असेल तर खुशाल होऊ द्या. सुंदर दिसण्याची हौस वाईट नाही, आपल्यालाही ती असतेच. फक्त एवढं पाहा, की ती तिनं निवडली आहे की दुकानात तीच एक टांगलेली होती. आणि परी झाली तरी तिला काम द्या. कुठे उडून गेली, काय पाहिलं, कुणाला मदत केली, ते तिला चार वाक्यांत सांगू द्या.

"मुलगा बायकी वागायला लागला तर?" हा प्रश्न सासूबाई विचारतात, घरचे पुरुषही विचारतात. त्यांना शांतपणे सांगा, पंढरीच्या विठोबानं जनाबाईबरोबर दळण दळलं आणि गोवऱ्याही वेचल्या, असं आपले संत सांगतात. भक्त त्याला "माउली" म्हणतात. देवाचं ज्यानं काही बिघडलं नाही, त्यानं आपल्या बाळ्याचं काय बिघडणार? उलट उद्या बायको आजारी पडली तर दोन भाकऱ्या थापताना त्याला लाज वाटणार नाही. आपल्या होणाऱ्या सुना दुवा देतील!

हे सगळं नवऱ्याला आणि सासूबाईंना स्पर्धेच्या आदल्या रात्री सांगू नका, वाद होतो. आठ दिवस आधी, जेवणं झाल्यावर, मुलालाच सगळ्यांसमोर विचारा, "तुला कोण व्हायचंय, आणि का?" पोराच्या तोंडचं "का" ऐकलं की मोठी माणसं निम्मी विरघळतात.

घरच्या घरी, कमी खर्चात

ड्रेपरीचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, आणि कपडे कोणी कधी धुतलेले असतात देव जाणे. त्यापेक्षा हे करून पाहा.

ड्रायव्हर किंवा कंडक्टर (मुलगी, मुलगा कोणीही): बाबांचा जुना खाकी शर्ट आत दुमडून टाके घालावेत. स्टिअरिंगसाठी जुनं ताट किंवा भरतकामाची मोठी रिंग. गावांची नावं पाठ करून घ्यावीत.

क्रिकेटपटू: निळा टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या कापडाचा १८ आकडा कच्च्या टाक्यानं लावावा, म्हणजे नंतर निघतो. स्मृती डावखुरी आहे, बॅट तशी धरायला शिकवा.

तिरंदाज: बांबूची लवचीक कामटी आणि सुतळी. बाण नकोतच, नुसता नेम धरून दाखवला तरी पुरे. गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागायला नको.

आचारी: पांढरा पंचा कमरेला, खांद्यावर रुमाल, हातात झारा. आजोबांच्या एखाद्या पदार्थाची कृती त्याला सांगू द्या.

विठ्ठल आणि जनाबाई: पुठ्ठ्याचा मुकुट, तुळशीची माळ. जात्यासाठी परातीवर ताट उपडं घालून कडेला लाकडी खुंटा चिकटवावा. विठ्ठल कमरेवरचे हात सोडून दळायला बसतो, तेव्हाच खरी मजा.

ताराबाई: आजीचं जुनं लुगडं कासोटा घालून नेसवावं, चालता-पळता येतं. आत चड्डी, पायांत चपला घट्ट पट्ट्याच्या. तलवार पुठ्ठ्याची, वर चॉकलेटचा चंदेरी कागद.

काही गोष्टी सर्वांसाठी. मिशी काजळानं काढावी, डिंकानं चिकटवू नये. रात्री खोबरेल लावून पुसली की जाते. नायलॉनच्या जाळीचा झगा घातलेलं मूल समईजवळ उभं करू नका, तो क्षणात पेट घेतो. सेफ्टी पिना आतल्या बाजूनं लावा आणि मोजून ठेवा, म्हणजे काढताना एखादी राहत नाही. आणि मुलीच्या प्रत्येक वेशाला एक खिसा शिवा! रुमाल ठेवायला का होईना, तिचा स्वतःचा खिसा असू द्या.

बोरन्हाणासाठी एक सूचना. हलव्याच्या दागिन्यांत मुलग्याला मुकुट-बासरी आणि मुलीला बिंदी-बांगड्या असा संच बाजारात मिळतो. घरी करत असाल तर दोघांनाही मुकुट करा, बासरीही दोघांना द्या. बाळ लहान असेल तर बोरं, उसाचे करवे, हलवा डोक्यावरून ओतताना एक हात त्याच्या तोंडाशी ठेवा, घशात अडकतं. दोऱ्यात ओवलेला, पुठ्ठ्याला चिकटवलेला हलवा मुलांना खाऊ देऊ नका.

शिक्षक मैत्रिणींना शेवटी एक विनंती. निरोप लिहिताना "मुलांनी मावळा, मुलींनी परी" असं लिहू नका. "प्रत्येकानं आपल्या आवडीचं पात्र घ्यावं आणि त्याविषयी चार वाक्यं बोलावीत" असं लिहा. एक ओळ बदलायची आहे, तिला खर्च काही नाही. आणि परीक्षक असाल तर कपड्यांना दहा गुण देताना बोलण्यालाही दहा ठेवा. म्हणजे ज्या घरी ड्रेपरी परवडत नाही, त्या घरच्या मुलालाही पुढे यायला वाव राहील.

यंदा तुमच्या घरी कोण काय झालं, सासूबाई काय म्हणाल्या, पोरांनी काय हट्ट केला, ते जरूर लिहून कळवा. सोपे, स्वस्त वेश सुचले असतील तर तेही पाठवा, निवडक आपण इथे देऊ. पुढच्या आठवड्यात तिळगुळाचा पाक बिघडू नये म्हणून काय करावं ते पाहू.